फ्रीजरमधून वाटीत

गोठवलेले अन्न वितळवणे आणि ते गरम करणे ही दोन वेगळी कामे आहेत. घाईच्या वेळी दोन्ही एकच समजली जातात आणि बाळाच्या अन्नाबाबतच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. वितळताना पदार्थातल्या बर्फाचे पाणी होते आणि तेवढा वेळ तापमान शून्याच्या आसपासच अडून राहते. गरम करताना, द्रव झालेल्या पदार्थाचे तापमान चढू लागते. पहिले काम थंडीतच सावकाश केलेले बरे. दुसरे झटपट उरकायचे असते.

बर्फाच्या ट्रेमधल्या एका घरात बसणारी लाल भोपळ्याची ३० ग्रॅमची वडी घ्यावी. हिशेबापुरते तिला निव्वळ पाणी मानले, तर उणे १८ अंश सेल्सिअसपासून शून्यापर्यंत आणायला सुमारे १,१३० ज्यूल उष्णता लागते. शून्यालाच, एक अंशही न वाढवता, नुसते वितळवायला सुमारे १०,००० ज्यूल लागतात. त्यापुढे शून्यापासून अंगाच्या उबेइतके, म्हणजे ३७ अंशांपर्यंत न्यायला ४,६०० ज्यूल पुरतात. वडी कोमट करण्यातला निम्म्याहून अधिक खर्च केवळ बर्फ मोडण्यावर होतो. बाहेरून मऊ दिसणाऱ्या वडीच्या पोटात अर्ध्या तासानेही खडा सापडतो, तो यामुळेच.

त्यात आणखी एक अडचण असते. बर्फातून उष्णता पाण्याच्या जवळपास चार पट सहज वाहते. पदार्थ गोठताना बाहेरचा थर आधी बर्फ होतो आणि आतली उष्णता त्यातून भराभर निघून जाते. वितळताना उलटे घडते: बाहेर पाण्याचा थर तयार होतो आणि तोच आतल्या बर्फाभोवती गोधडीसारखा बसतो. म्हणून वितळायला गोठण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जाडीचा परिणाम तर फारच मोठा आहे. जाडी दुप्पट झाली की वेळ ढोबळमानाने चौपट होतो. पाव लिटरच्या डब्यात एकगठ्ठा गोठवलेले खिमट आणि तेच खिमट छोट्या वड्यांत, यांत फरक पडतो तो इथे. वितळवण्याचे निम्मे यश गोठवण्याच्या दिवशीच ठरलेले असते. वड्या ट्रेमध्ये घट्ट झाल्या की काढून हवाबंद पिशवीत भराव्यात आणि पिशवीवर पदार्थाचे नाव व तारीख लिहावी. गोठलेले रताळे आणि गोठलेले गाजर यांत फ्रीजरच्या उजेडात फरक कळत नाही.

एका वडीचा आकार बाळाच्या भुकेशीही जुळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू होते, तेव्हा एका वेळी दोन-तीन मोठे चमचे पुरतात. पुढे हळूहळू ते अर्ध्या वाटीवर जाते. मोठा चमचा १५ मिलीलीटरचा धरला, तर ३० मिलीलीटरची वडी म्हणजे दोन चमचे. उष्टावण नुकतेच झालेल्या बाळाला एक वडी पुरते, आठव्या महिन्यात तीन-चार लागतात.

गोठवण्याने जंतू मरत नाहीत, हे या विषयातले मुख्य सूत्र. उणे १८ अंशांना ते वाढायचे थांबतात, एवढेच. वड्या वितळल्या की ते जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्याला धोक्याचा पट्टा म्हणते. त्याच्या मधल्या भागात, अनुकूल परिस्थितीत, काही जंतूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. या गतीने एका जंतूचे दोन तासांत ६४ होतात आणि सहा तासांत २ लाख ६२ हजार. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये हा नियम या गणितातून येतो. पुस्तकांत लिहिलेले ‘खोलीचे तापमान’ बहुधा २० ते २५ अंशांचे असते. विदर्भातल्या मे महिन्याशी त्याचा काही संबंध नाही. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर दोन तासांचा एकच तास धरावा, असे अमेरिकी कृषी खाते सांगते. महाराष्ट्रात वर्षाचे कित्येक महिने दुपारी हाच एक तासाचा नियम लागू पडतो.

उकळले की सगळे जंतू मरतात, मग चिंता कसली, असा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. भातात सापडणाऱ्या ‘बॅसिलस सेरियस’ या जंतूची बीजे शिजवण्यातूनही वाचतात. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ती रुजतात आणि जंतू सिर्यूलाइड नावाचे विष तयार करतात. हे विष १२१ अंशांच्या उष्णतेतही टिकते. हाताच्या त्वचेवरून अन्नात येणाऱ्या ‘स्टॅफिलोकोकस’चे विषही उकळीला दाद देत नाही. जंतू मेला तरी विष उरते. मोठ्या माणसाला त्यातून एखाद्या दिवसाच्या उलट्या होतील; बाळाच्या अंगातले पाणी मात्र लवकर आटते आणि त्याची प्रतिकारशक्तीही अजून तयार व्हायची असते. पुढची सगळी कृती एकाच हेतूने आखलेली आहे: अन्नाला या मधल्या पट्ट्यात रेंगाळू द्यायचे नाही.

सर्वांत निर्धोक रीत म्हणजे रात्री फ्रीजरमधल्या वड्या काढून खालच्या कप्प्यात ठेवणे. तिथले तापमान ५ अंशांच्या आत असते, त्यामुळे वितळण्याला कितीही वेळ लागला तरी अन्न धोक्याच्या पट्ट्यात शिरत नाही. वड्या झाकणाच्या डब्यात, शक्यतो मागच्या बाजूला ठेवाव्यात. दाराजवळचा भाग प्रत्येक उघडझापीला तापतो. कच्चे मासे किंवा मटण त्यांच्या वरच्या कप्प्यात असता कामा नये. स्टीलच्या डब्यात वितळणे प्लास्टिकच्या डब्यापेक्षा लवकर होते, कारण स्टील उष्णता आत येऊ देते. असे वितळलेले अन्न २४ तासांत संपवावे; मांस, मासे किंवा अंडे असेल तर त्याच दिवशी.

रात्री आठवण राहिली नाही तर थंड पाणी कामाला येते. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट चांगले उष्णतावाहक आहे. त्यामुळे वड्या गळणार नाहीत अशा बंद पिशवीत घालून नळाच्या पाण्यात बुडवल्या, तर खालच्या कप्प्यात रात्रभर चालणारे काम थोड्या वेळात उरकते. पाणी अर्ध्या तासाने बदलावे आणि वितळलेले अन्न लगेच गरम करावे. ते पुन्हा फ्रिजमध्ये ठेवण्यासाठी नसते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी चाळिशीच्या पुढे जाते, त्याला थंड म्हणणे कठीण आहे. अशा वेळी माठातले पाणी घ्यावे.

तिसरी रीत म्हणजे वितळवण्याची पायरी वगळून वडी थेट विस्तवावर नेणे. ही रीत कमी सांगितली जाते, पण छोट्या वड्यांसाठी तीच बहुधा सर्वांत सोयीची आहे. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळत ठेवावे, त्यात स्टीलची वाटी ठेवून वडी टाकावी, वर झाकण घालावे आणि अधूनमधून ढवळावे. एवढेसे अन्न थेट गॅसवरच्या भांड्यात टाकले तर कडेला करपते आणि मध्ये गोठलेलेच राहते. थेट भांड्यातच करायचे असेल तर एक-दोन चमचे पाणी घालून, मंद आचेवर, हात न थांबवता. काचेची वाटी फ्रीजरमधून काढून सरळ गरम पाण्यात ठेवू नये, तडकते.

ओट्यावर वाटी ठेवून कामाला निघून जाणे ही रीत नव्हे. तिथे वडीची बाहेरची बाजू तासाभरात खोलीच्या तापमानाला येते आणि पोटात बर्फ असताना कडेला जंतूंची वाढ सुरू होते. हात लावला की गार लागते म्हणून ती सुरक्षित वाटते, हाच त्यातला धोका.

मायक्रोवेव्हची गंमत वेगळी आहे. त्याच्या लहरी, २.४५ गिगाहर्ट्झच्या, पाण्याच्या रेणूंना हलवून उष्णता निर्माण करतात. बर्फातले रेणू स्फटिकात जखडलेले असतात, त्यामुळे बर्फ या लहरी फारच कमी शोषतो. वडीचा एखादा कोपरा आधी वितळला की सगळी ऊर्जा त्या कोपऱ्यातले पाणी खेचून घेते. तो उकळू लागतो आणि शेजारचा भाग बर्फच राहतो. डिफ्रॉस्टच्या बटणावर यंत्र थोडा वेळ चालते, थोडा वेळ थांबते. त्या थांब्यात गरम भागातली उष्णता थंड भागाकडे सरकते. बाळाच्या अन्नासाठी मायक्रोवेव्ह वापरायचाच असेल तर कमी शक्तीवर, थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून ढवळत वापरावा. आधीच वितळलेल्या अर्ध्या वाटी अन्नाला पूर्ण शक्तीवर कोमट व्हायला पंधरा सेकंद पुरतात. त्यानंतर नीट ढवळून अर्धा मिनिट थांबायचे आणि मगच उष्णता तपासायची, कारण वाटी बाहेरून गार असताना आतला एखादा घास टाळू भाजण्याइतका गरम असू शकतो. मांस आणि अंडे यांच्यासाठी ही रीत टाळलेली बरी. स्निग्धांश असमान तापतो आणि अन्न उडते.

प्लास्टिकबद्दलही इथेच सांगायला हवे. अमेरिकेतल्या नेब्रास्का-लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये बाळाच्या अन्नाचे डबे व पिशव्या मायक्रोवेव्हमध्ये तपासल्या. तीन मिनिटांत एका चौरस सेंटिमीटर प्लास्टिकमधून ४० लाखांहून अधिक सूक्ष्म कण सुटू शकतात, असे त्यांना आढळले. या कणांचा बाळाच्या प्रकृतीवर नेमका काय परिणाम होतो, हा वेगळा आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. पण तो सुटेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही: गोठवायला प्लास्टिकचा ट्रे चालतो, तापवायला चिनी मातीची किंवा उष्णतारोधक काचेची वाटी घ्यावी.

गरम किती करायचे? शिजवून गोठवलेले अन्न मध्यभागी ७० अंशांपर्यंत तापले पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकी नियम ७४ अंश मागतो. स्वयंपाकघरात थर्मामीटर नसला तरी खुणा असतात: सगळ्या वाटीतून वाफ येणे, मधोमध बुडबुडे फुटणे, आणि ढवळल्यावरही वाफ न मोडणे. त्यानंतर वाटी थंड पाण्यात धरून, ढवळत, कोमट करावी. भरपूर तापवून मग निववणे हा द्राविडी प्राणायाम वाटतो खरा, पण सरळ कोमटपर्यंत तापवून थांबणे म्हणजे जंतूंना नेमके त्यांच्या आवडीच्या उबेला आणून सोडणे. सफरचंदासारख्या फळाची शिजवलेली वडी फ्रिजमध्येच वितळली असेल तर ती न तापवताही देता येते. तपासण्यासाठी थेंबभर अन्न मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकावे. तिथली त्वचा पातळ असते. अन्न ना गार ना गरम वाटले की ते बाळाच्या तोंडाला योग्य. फुंकर घालून निववण्याची सवय सुटणे अवघड आहे, पण फुंकरीबरोबर थुंकीही जाते.

प्रत्येक पदार्थ वितळल्यावर सारखा वागत नाही. लाल भोपळा, गाजर, वाटाणा, मुगाचे घोटलेले वरण हे गोठवण्याला सोसतात. कडेला सुटलेले पाणी ढवळून पुन्हा मिसळले की झाले. ते फेकू नये, जीवनसत्त्वे आणि क्षार त्यातही असतात. पिष्टमय पदार्थांची गोष्ट निराळी. शिजताना फुललेले पिष्टाचे रेणू थंडीत पुन्हा एकमेकांना चिकटून रांगा लावतात आणि धरलेले पाणी सोडून देतात. शिळा भात ताठरतो तो यामुळे. ही क्रिया सर्वांत जोरात चालते ती फ्रिजच्या खालच्या कप्प्याच्या तापमानाला, उणे १८ अंशांना ती जवळजवळ थांबते. म्हणजे भाजीच्या वडीसाठी जी रीत उत्तम, तीच मऊ भाताच्या वडीला रात्रभरात रवाळ करते. भात असलेले खिमट म्हणूनच थेट फ्रीजरमधून उकळत्या पाण्यावरच्या वाटीत न्यावे. ६० अंशांच्या पुढे रांगांचा मोठा भाग मोडतो आणि थोडे गरम पाणी घालून घोटले की मऊपणा परततो. भाताच्या बाबतीत ही रीत जंतू टाळण्याच्या दृष्टीनेही सोयीची.

नाचणीचे सत्त्व मात्र गोठवून काहीच साधत नाही. वितळल्यावर ते फाटते, स्पंजासारखे होते, आणि कितीही घोटले तरी पहिली तकाकी येत नाही. ताजे करायला पाच-सात मिनिटे लागतात. केळ्याचेही तेच: ते बारा महिने मिळते, चमच्याने दोन मिनिटांत कुस्करते आणि गोठवले की काळे पडते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग गोठवल्यावर रबरासारखा होतो. फ्रीजर आहे म्हणून सगळेच त्यात कोंबण्याचे कारण नाही.

पालक आणि बीट यांच्यात नायट्रेट मुळातच जास्त असते. शिजवून वाटलेली पालेभाजी उबदार हवेत पडून राहिली की जंतू त्याचे नायट्राइट करतात आणि ते तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करते. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१० मध्ये या प्रश्नाचा आढावा घेतला. गोठवलेल्या स्थितीत नायट्राइट साचत नाही, असे त्यात नोंदले आहे. पालकाची वडी फ्रीजरमध्ये बिनधोक असते; ती वितळल्यावर मात्र रेंगाळू देऊ नये.

वाटीतले उरलेले अन्न पुन्हा ठेवायचे का, याचे उत्तर मराठी घराला ‘उष्टे’ या एका शब्दात ठाऊक आहे. बाळाच्या तोंडातला चमचा वाटीत गेला की त्याबरोबर लाळ जाते. लाळेत तोंडातले जंतू असतात आणि पिष्ट मोडणारे अमायलेज हे विकरही असते. मघाशी दाट असलेले सत्त्व वाटीच्या तळाशी पाणीदार झालेले दिसते, ती या विकराची करामत. उष्टे झालेले अन्न ना फ्रिजमध्ये, ना पुन्हा तापवण्यासाठी, ते टाकावे. अन्न वाया जाऊ नये असे वाटत असेल तर वाटीत एकच वडी घ्यावी, दुसरी हाताशी ठेवावी. एकदा गरम केलेले अन्न, उष्टे नसले तरी, दुसऱ्यांदा गरम करू नये आणि वितळलेले पुन्हा गोठवू नये. बाळाच्या चमच्याने आजीने चव पाहणेही उष्ट्यातच मोडते. मोठ्यांच्या तोंडातले दात किडवणारे जंतू अशाच वाटेने बाळाकडे जातात.

वड्या टिकतात किती, हे फ्रीजर किती गार आहे त्यावर ठरते. अनेक फ्रीजरच्या कप्प्यावर चांदणीच्या खुणा असतात. वीजबचतीच्या लेबलावरचे तारे वेगळे. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत जातोच असे नाही. एका चांदणीच्या कप्प्यात आठवडाभराहून जास्त साठवण करू नये; उणे १८ अंशांना घरचे अन्न एक-दोन महिने चांगले राहते. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाची पुटे काढण्यासाठी डिफ्रॉस्टचे बटण दाबले जाते, तेव्हा आतल्या वड्याही वितळतात आणि मग नकळत पुन्हा गोठतात. त्या दिवशी वड्या आधी संपवाव्यात.

वीज गेल्यावरही हेच. दार बंद ठेवले तर भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास अन्न गोठलेले ठेवतो. हे आकडे स्वतंत्र, जाड भिंतीच्या फ्रीजरचे. फ्रिजमधला छोटा कप्पा त्याच्या जवळपासही टिकत नाही. घर बंद करून गावी जाताना एक साधी युक्ती करता येते. वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वर असेल तर सगळे ठीक, तळाशी गेलेले असेल तर मधल्या काळात वीज बराच वेळ गेली होती आणि वड्या वितळून पुन्हा गोठल्या आहेत. त्या टाकाव्यात, कितीही घट्ट दिसल्या तरी.

गोठवलेले आईचे दूध या सगळ्याला अपवाद आहे. तेही फ्रिजमध्ये किंवा कोमट पाण्यात बाटली धरून वितळवतात, पण ७० अंशांपर्यंत तापवत नाहीत. त्या उष्णतेने त्यातली संरक्षक प्रथिने निकामी होतात. मायक्रोवेव्ह तर नकोच. वितळलेल्या दुधावर साय वेगळी झालेली दिसते, ती हलक्या हाताने बाटली फिरवली की मिसळते. साबणासारखा वास आला तर दूध नासले असे नव्हे. दुधातलेच लायपेज हे विकर स्निग्धांश मोडत असते. फ्रिजमध्ये वितळवलेले दूध २४ तासांत वापरावे, बाहेर कोमट केलेले दोन तासांत. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली मानवी दूध पेढी ही आशियातली पहिली. दूध पेढ्यांमध्ये दुसऱ्या मातांचे दूध घेतात, म्हणून तिथे ते ६२.५ अंशांना ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक केले जाते आणि उणे २० अंशांना गोठवले जाते. काही संरक्षक घटक त्यातही जातात, पण जंतूही जातात. आईने स्वतःच्या बाळासाठी घरी साठवलेल्या दुधाला अशा प्रक्रियेची गरज नसते. ते कोमट पाण्यातून काढले, मनगटावर थेंब टाकून पाहिला की देता येते.